सुरतेतील ऑक्झेंडन बंधूंचे थडगे

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी मी आपल्याला दफनभूमीकडे नेणार आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘ऑक्झेंडनचे थडगे’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “एखादा आनंदाचा विषय नाही का?” त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु या थडग्याचा आणि आपल्या वाचनालयाच्या कपाटातील एका ग्रंथाचा जवळचा संबंध आहे. त्या संबंधाने मला एकदा चांगलाच धडा शिकविला. तो धडा आज आपल्यापुढे ठेवावा एवढाच माझा हेतू आहे.

कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिची गणना होते. रस्त्यावरून जाताना आत डोकावणाऱ्याला प्रथम वाटते की ही कोणा मुसलमान उमरावाची कबरस्थाने असावीत, कारण दिसतात ते घुमट, कमानी आणि मनोरे. जवळ गेल्यावर लॅटिन अक्षरे दिसतात आणि उलगडा होतो. यांतील सर्वांत भव्य वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. जुन्या गॅझेटियरने तिची उंची सुमारे चाळीस फूट आणि व्यास सुमारे पंचवीस फूट दिला आहे. जाडजूड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट चढविले आहेत आणि वर जाण्यास पायऱ्या आहेत.

ख्रिस्ती माणसाचे, त्यातही मोठ्या घराण्यातील माणसाचे, स्मारक म्हटले की ते चर्चमध्ये असावयाचे. ऑक्झेंडन हे इंग्लंडातील केंट परगण्याचे घराणे. तेथील विंगहॅम गावच्या प्राचीन चर्चमध्ये या घराण्याचे १६८२ सालचे संगमरवरी स्मारक आहे. फळाफुलांच्या माळा, देवदूतांची बालके आणि आडनावातील ‘ऑक्स’ या शब्दावरून बसविलेली बैलांची काळी मस्तके असा त्याचा थाट आहे. त्याच घराण्यातील दोघांना सुरतेत मात्र घुमटाखाली विसावावे लागले. याचे कारण समजणे कठीण नाही. सतराव्या शतकातील सुरत मोगलांची होती. इंग्रज येथे राज्यकर्ते नव्हते. बादशहाच्या परवानगीने भाड्याच्या वखारीत राहणारे ते व्यापारी होते. ज्या शहरात आपली प्रतिष्ठा मिरवावयाची, त्या शहराला समजेल अशाच भाषेत ती मिरवावी लागते. मोगल सरदाराचा मान त्याच्या मकबऱ्यावरून ओळखला जाई, म्हणून इंग्रजांनीही मकबरे बांधले. लेख लॅटिन, वास्तू मोगली, आणि आतला माणूस केंटचा!

या दोघांतील क्रिस्टोफर ऑक्झेंडन १६५९ च्या एप्रिलात वारला. त्याच्या थडग्यावरील लेख वाचण्यासारखा आहे. व्यापाऱ्याचे थडगे, म्हणून सारा लेख जमाखर्चाच्या परिभाषेत रचला आहे. आयुष्याच्या वहीत याला वर्षे मांडता आली नाहीत, दिवसच मांडता आले. मृत्यूने अचानक हिशेबाला बोलाविले. धन्यांनी नफातोटा विचारलाच, तर त्यांनी चाकर गमावला, सोबत्यांनी सोबती गमावला, याने प्राण गमावला. पण त्याच्या जमेच्या बाजूस मरण हाच लाभ लिहिता येईल. असा त्याचा आशय आहे. ज्याला दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या या शहराची ओळख आहे, त्याला हा लेख परका वाटत नाही. सुरतेच्या कोणाही सराफाला तो चटकन समजला असता.

दुसरा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन. चार्ल्स राजाने १६६१ मध्ये त्याला ‘नाइट’ केले आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्याला सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट म्हणून पाठविले. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणातून इंग्लंडच्या राजाकडे आलेली मुंबई १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आली, तेव्हा तिचा कारभारही याच्याकडे आला. १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेतच वारला. त्याच ठिकाणी ही मोठी दुमजली वास्तू उभी राहिली आणि दोघे भाऊ एकत्र आले.

मंडळी, आता आपल्या मनात जे वर्ष आले असेल तेच मी उच्चारतो. १६६४. शिवाजीमहाराज प्रथम सुरतेवर आले तेव्हा येथील इंग्रज वखारीचा मुख्य हाच जॉर्ज ऑक्झेंडन होता.

तो प्रसंग आपण सारे शाळेत शिकलो आहोत. त्यामागील कारणही आपल्याला ठाऊक आहे. शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता, मुलूख उजाड झाला होता, खजिना रिता होता. १६६३ च्या एप्रिलात लाल महालावर छापा पडला आणि पुढील जानेवारीत महाराज मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर चालून आले. ६ जानेवारी १६६४ रोजी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील बागेत त्यांचा तंबू पडला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. १० जानेवारीस मराठे परत फिरले. मधल्या दिवसांत वीरजी व्होरासारख्या धनिकांचे वाडे खणले गेले आणि शहराचा मोठा भाग जळाला. लुटीचे अंदाज एक कोटी रुपयांपर्यंत जातात.

या दिवसांत ऑक्झेंडन काय करीत होता? त्याने जहाजांवरील खलाशी बोलावून वखारीत आणले आणि सुमारे दोनशे माणसे शिंगे-ताशांच्या गजरात शहरातून मिरवीत नेली. शेजारी हाजी सय्यद बेग या व्यापाऱ्याची कोठी होती. तीत शिरलेल्यांना वखारीतील माणसांनी बाहेर पडून हुसकावले, कारण ती पेटली असती तर वखारही पेटली असती. वखार वाचली. मोगलांनी जकातीत सवलत दिली आणि कंपनीने सुवर्णपदक पाठवून गौरव केला. शहर वाचविणे हे त्याचे काम नव्हते आणि त्याने ते केलेही नाही. त्याने धन्याचा माल राखला. इंग्रजांच्या दृष्टीने तो वीर ठरला.

आता मी माझ्या धड्याकडे येतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी याच सभागृहात शिवजयंतीला माझे भाषण होते. भाषणासाठी मी आपल्या कपाटातून एक जाड इंग्रजी ग्रंथ नेला होता. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये इंग्रजांच्या पत्रांतील शिवाजीविषयक उल्लेख एकत्र छापले, तो हा ग्रंथ. त्यात सुरतेच्या वखारीतील धर्मोपदेशक एस्कालियट याचे एक पत्र आहे. लुटीनंतर थोड्याच दिवसांनी, २६ जानेवारीला, त्याने ते इंग्लंडातील नॉर्विच येथे राहणाऱ्या सर टॉमस ब्राउन या वैद्याला लिहिले. अँथनी स्मिथ नावाचा वखारीतील एक इंग्रज त्या धामधुमीत मराठ्यांच्या हाती सापडला होता आणि काही दिवस छावणीत राहून सुटून आला होता. त्याने पाहिलेले महाराज या पत्रात उतरले आहेत. मध्यम उंचीहून किंचित कमी, बांधा सरळ आणि प्रमाणबद्ध, नजर चपळ व भेदक, बोलताना हसतमुख, आणि वर्ण सोबत्यांहून गोरा. हे वर्णन आज आपल्या प्रत्येक शिवचरित्रात आढळते.

मी ते वर्णन मोठ्या रंगात वाचून दाखविले. शत्रूलाही भुरळ पडली, असे म्हणालो. टाळ्या पडल्या. मी खुशीत व्यासपीठावरून उतरलो.

सभेला आपले एक ज्येष्ठ वाचक होते. ते गुजराती होते, जुन्या सुरतेतील गोपीपुऱ्याचे रहिवासी. उत्तम मराठी वाचीत आणि दर आठवड्याला नेमाने पुस्तक बदलून नेत. सर्व मंडळी गेल्यावर ते माझ्याकडे आले, टेबलावरचे पुस्तक उघडले आणि अत्यंत शांतपणे विचारले, “भाऊसाहेब, पुढचे पान फाटलेले आहे काय?”

पान फाटलेले नव्हते. मी ते वाचले नव्हते असेही नव्हते. मी ते वाचून दाखविले नव्हते.

पुढे काय होते? ७ जानेवारीला इनायतखानाने तहाची बोलणी करण्याच्या मिषाने एक तरुण वकील छावणीत पाठविला. बोलता बोलता त्याने कट्यार काढून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, पण तो तसाच अंगावर आदळला आणि दोघे जमिनीवर पडले. रक्त पाहून महाराज गेले अशी हाकाटी झाली आणि कैद्यांना कापून काढा असा ओरडा उठला. महाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी सरसकट कत्तल थांबविली. पण त्यानंतर कैद्यांना समोर आणून कित्येकांचे हात तोडण्यात आले, काहींची मस्तकेही उतरविण्यात आली. स्मिथचीही पाळी आली होती. हातापेक्षा मस्तकच उडवा असे त्याने ओरडून सांगितले, तेव्हा महाराजांनी शिक्षा थांबविली म्हणून तो वाचला. ज्या डोळ्यांनी ते हास्य पाहिले, त्याच डोळ्यांनी हे हातही पाहिले.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, “काका, ही साक्ष शत्रूची आहे. हिच्यावर कितपत विश्वास ठेवावा?” ते म्हणाले, “मग पहिल्या पानावर तरी का ठेवलात?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलरिक्षातून कतारगामच्या दफनभूमीत नेले. मी कित्येक वर्षे सुरतेत राहत होतो, पण तेथे कधी गेलो नव्हतो. त्या दुमजली घुमटाखाली उभे राहून ते म्हणाले, “याने आपली वखार राखली, म्हणून याला एवढा घुमट मिळाला. माझे पूर्वज त्या चार दिवसांत कोठे लपले, त्यांतले किती परत आले, हे सांगणारा या शहरात एक दगड नाही. तुमच्या लोकांपैकी जे येथे पडले, त्यांचाही नाही. जे काही आहे ते त्या पुस्तकात आहे. म्हणून म्हणतो, पुस्तक तरी पुरते वाचा.”

श्रोतेहो, त्या दिवसापासून हे थडगे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. दगड ज्याने पैसे मोजले त्याचेच बोलतो. ऑक्झेंडनचे थडगे ऑक्झेंडनचीच कीर्ती गाते, आणि त्यात थडग्याचा काही दोष नाही. कागदाचे तसे नसते. कागद लिहिणारा आपल्या हेतूने लिहितो खरा, पण लिहिता लिहिता त्याच्या हातून दुसऱ्याचीही हकीकत लिहून जाते. एस्कालियटने आपल्या लोकांची बहादुरी कळविण्यासाठी पत्र लिहिले. त्यात आमच्या राजाचे हास्यही आले, सुरतेच्या अनाम कैद्यांचे हातही आले. हे दोन्ही एकाच शाईने लिहिलेले आहे. त्यातील एक ठेवून दुसरे खोडता येत नाही.

असेच याच्या उलट बाजूनेही म्हणावे लागते. महाराजांना नुसता लुटारू म्हणणाऱ्याला हेच कागद आडवे येतात. फ्रेंच प्रवासी बर्नियेने नोंदविले आहे की कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांचे घर महाराजांनी राखले, आणि डच वखारीच्या एका मृत दलालाचे घरही, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून दिले. लूट करावयाची, पण कोणाची करावयाची नाही याचा विवेक ठेवावयाचा, ही गोष्ट परक्यांच्या नजरेत भरली. वकिलाच्या हल्ल्यानंतर सरसकट कत्तल थांबविणारा हुकूमही त्याच इंग्रज साक्षीतून आपल्याला कळतो. पुरते पान वाचले तर महाराज लहान होत नाहीत. ते त्या कठोर काळातील खरे, हाडामांसाचे पुरुष म्हणून दिसू लागतात. अर्धे पान वाचले तर लहान होतो तो वाचणारा.

या घराण्याची आणि आपल्या इतिहासाची गाठ पुढेही पडत राहिली. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, तेव्हा वखार राखणारा स्ट्रेनशॅम मास्टर हा जॉर्ज ऑक्झेंडनचा भाचा होता. आणि १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहून ज्याने त्या सोहळ्याची रोजनिशी लिहिली, तो इंग्रज वकील हेन्री हाही ऑक्झेंडनच. राज्याभिषेकाच्या त्या दिवसाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपण किती अभिमानाने सांगतो! ते सांगताना लेखणी कोणत्या घराण्याची होती याची आठवण ठेवावी. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी शस्त्राने गाठ पडली, त्यांच्याच वकिलाला महाराजांनी दरबारात बोलावून तह केला. महाराजांना परक्या साक्षीदाराचे भय नव्हते, मग आपल्याला ते का असावे?

आणखी एका थडग्याचा उल्लेख करून मी पुढे जातो. इंग्रजांच्या दफनभूमीपासून जवळच डच लोकांची दफनभूमी आहे. तेथील सर्वांत मोठी वास्तू हेंड्रिक फान रेडे या डच अधिकाऱ्याची. १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रावर जहाजातच तो वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरले. ऑक्झेंडनच्या थडग्याला मागे टाकावे या ईर्षेने डचांनी ती वास्तू उभारली असे परंपरेने सांगतात. फान रेडेचे खरे स्मारक मात्र निराळे आहे. मलबारातील वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ पासून १६९३ पर्यंत तो अॅम्स्टरडॅमला छापला गेला. थडग्यावर नाव एकट्या फान रेडेचे आहे. ग्रंथाच्या पहिल्या खंडात मात्र ज्यांनी त्याला वनस्पती ओळखून दिल्या त्या कोचीनच्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे, आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, निवेदन त्यांच्या त्यांच्या भाषेत छापलेले आहे. तिघा ब्राह्मणांचे निवेदन कोकणीत असून नागरी लिपीत आहे. सतराव्या शतकात अॅम्स्टरडॅमच्या छापखान्यातून निघालेली ती नागरी अक्षरे पाहिली की मन भरून येते. जे दगडाने दिले नाही ते श्रेय कागदाने दिले.

आता आपल्या वाचनालयाविषयी दोन शब्द बोलून संपवितो. ज्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर महाराजांचा तंबू पडला, ती खानदेशाकडे जाणारी वाट. त्याच दिशेने तापीच्या काठाकाठाने पुढे रेल्वे आली आणि तिने हजारो मराठी कुटुंबे या शहरात आणली. जळगाव-धुळ्याचा माणूस उधना-लिंबायतच्या मागांवर कापड विणू लागला. त्याची मुले येथील शाळांत गुजराती शिकतात आणि घरी अहिराणी बोलतात. त्या मुलांना वर्गात केव्हातरी कोणीतरी विचारतेच, “तुमच्या राजाने आमचे शहर का लुटले?” हा प्रश्न मला विचारला गेला, माझ्या मुलाला विचारला गेला. आता नातवाला विचारला जाईल. त्याला काय उत्तर द्यावयाचे?

“असे घडलेच नाही” हे उत्तर खोटे आहे. “बरे झाले” हे उत्तर, ज्या शहराने आपल्याला भाकरी दिली त्याच्याशी कृतघ्नपणाचे आहे. तिसरे उत्तर एकच आहे, आणि ते लांब आहे. शाएस्तेखानाने पुण्याचे काय केले ते सांगावयाचे, सुरतेचे काय झाले तेही सांगावयाचे, कोणाची घरे वाचली ते सांगावयाचे, कोणाचे हात गेले तेही सांगावयाचे. एवढे लांब उत्तर घोषणेत मावत नाही आणि थडग्यावरील लेखातही मावत नाही. ते मावते फक्त ग्रंथात. म्हणूनच सुरतेसारख्या शहरात मराठी वाचनालय हवे. आपल्या भाषेचा अभिमान सांभाळण्यासाठी ते हवेच, पण त्याहून अधिक, त्या अभिमानाला सत्याचा आधार देण्यासाठी हवे.

एस्कालियटने आपले पत्र ज्याला लिहिले त्या टॉमस ब्राउनविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. हा वैद्य मोठा व्यासंगी ग्रंथकार होता. सुरतेच्या लुटीपूर्वी सहा वर्षे, १६५८ मध्ये, त्याचा एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. शेतात खणताना सापडलेले जुने अस्थिकलश हा त्याचा विषय. ते कलश कोणाचे, हे सांगणारे कोणी उरले नाही. थडगी माणसाचे नाव किती काळ जपू शकतात याचे चिंतन त्या ग्रंथात आहे. त्याच माणसाच्या टेबलावर सुरतेहून पत्र गेले, आणि त्या पत्रात आमच्या राजाचे रूप सुरक्षित राहिले. ज्याने थडग्यांचा भरवसा धरला नाही, त्याच्या कागदांत ते राहिले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

ते गुजराती गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांना दिसेनासे झाले होते. मी अधूनमधून जाऊन त्यांना वाचून दाखवीत असे. पान संपले की ते विचारीत, “पुढचे?” तो ग्रंथ आजही आपल्या कपाटात आहे. त्याची बांधणी सैल झाली आहे. चिटणीसांना माझी विनंती आहे की शताब्दीच्या खर्चात त्याची नवी बांधणी बसवावी. आणि श्रोत्यांना विनंती अशी की, कोणी तो घरी नेला तर पुढचे पान अवश्य उलटावे.